छप्पर उडाले, कारण खिळा चुकला

२४ ऑगस्ट १९९२ची पहाट. ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ ताशी सुमारे २६५ किलोमीटर वेगाने अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण भागावर धडकले. साठ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली.

सारा दोष वाऱ्याचा नव्हता. तिथल्या असंख्य घरांची उतरती छपरे लाकडी कैच्यांवर पेललेली असत. कैच्यांवर प्लायवुडसारखे तक्ते ठोकत आणि तक्त्यांवर कौले किंवा डांबरी पट्ट्या बसवत. हे तक्ते म्हणजे कौलांखालचे निव्वळ अंथरूण, असा समज सहज होतो. वास्तविक त्यांच्याच आधाराने साऱ्या कैच्या ताठ उभ्या राहतात. तक्ते उडाले, की पाऊस आत येतो, आधार सुटलेल्या कैच्या एकीवर एक कलंडतात आणि टोकाची त्रिकोणी भिंतही त्यांच्यासोबत कोसळते.

वादळानंतरच्या पाहणीत जे आढळले ते लाजिरवाणे होते. अनेक तक्ते खिळ्यांऐवजी स्टेपलच्या पिनांनी जोडलेले होते. त्यांतल्या कित्येक पिना खालच्या कैचीला लागल्याच नव्हत्या. हातोडीने ठोकलेला खिळा लाकूड चुकला, तर सुताराच्या हाताला ते तत्काळ जाणवते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने मारलेली पिन चुकली, तर ते कळायचे कसे? घाईच्या बांधकामात ती चूक तपासनिसांच्या नजरेतूनही निसटली.

पुढे तिथल्या बांधकाम नियमांत छपराच्या तक्त्यांसाठी स्टेपल वर्ज्य ठरले. खिळ्यांची जाडी, लांबी आणि त्यांच्यातील अंतरही ठरवून देण्यात आले. १ मार्च २००२पासून फ्लोरिडा राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली.