हिवाळ्यातील मुंबई : दोघांसाठी दोन दिवस

डिसेंबर उजाडला की गोव्याच्या वाटा पाहुण्यांनी भरून जातात. किनाऱ्यावरची गर्दी, रस्त्यांवरची कोंडी, घरी उतरलेले नातलग आणि पर्यटनाच्या हंगामावर अवलंबून असलेला रोजगार या साऱ्यांत गोमंतकीय दांपत्याची स्वतःची सहल बहुधा ‘हंगाम संपल्यावर पाहू’ या वाक्यावर अडून राहते. हंगाम संपतो तेव्हा उन्हाळा आलेला असतो, मुलांच्या परीक्षा आलेल्या असतात आणि वर्ष तसेच निघून जाते. नोकरी करणाऱ्या पती-पत्नीस लांबची रजा मिळणे दुरापास्त असले, तरी शुक्रवारची संध्याकाळ ते सोमवारची दुपार एवढा अवधी काढणे अगदीच अशक्य नसते. एवढ्या अवधीत नीट पाहता येईल असे, आणि गोव्याशी शतकानुशतकांचे नाते असलेले महानगर म्हणजे मुंबई. त्या दृष्टीने उपयुक्त माहिती येथे एकत्र दिली आहे.

ऋतू आणि तारखांची निवड

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मुंबईत पायी हिंडण्यास सर्वांत अनुकूल असतो. जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणतः १६-१७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. दुपारी मात्र ते ३० अंशांच्या आसपास जाते. म्हणून पायी फिरणे सकाळी व सायंकाळी आणि दुपारचा वेळ संग्रहालयांसाठी, अशी विभागणी सोयीची ठरते. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होत असल्याने दिवस लहान असतो, हेही ध्यानी ठेवावे.

काही तारखा मात्र पारखून घ्याव्यात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनानिमित्त दादर येथील चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्या काळात गाड्या व दादर परिसर अत्यंत गजबजलेला असतो. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतील अनेक रस्ते सकाळी वाहनांस बंद असतात. जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या आरंभी काळाघोडा कला महोत्सव भरतो. चित्र, संगीत, नाट्य यांची आवड असलेल्यांनी हाच आठवडा निवडावा. ज्यांना शांतता हवी त्यांनी तो टाळावा.

जाणे-येणे

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाल्यापासून गोवा-मुंबई प्रवास एका रात्रीचा झाला. कोकणकन्या एक्सप्रेस सायंकाळी मडगावहून निघून दुसऱ्या दिवशी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. परतीसाठी ती मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास निघते. त्यामुळे शनिवार आणि रविवार हे दोन्ही पूर्ण दिवस हाती राहतात. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा मात्र गृहीत धरावी लागते. थिवी, करमळी, पेडणे या स्थानकांचा पर्याय उत्तर गोव्यातील वाचकांसाठी आहेच. गाडी तेथे थांबते की नाही हे वेळापत्रकात पाहून घ्यावे. मांडवी, जनशताब्दी, तेजस आणि जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत या दिवसाच्या गाड्या आहेत. त्यांतून कोकण डोळे भरून पाहता येते, परंतु दिवस खर्ची पडतो.

आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच सुरू होते. पूर्वीची १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून संपुष्टात आली. एक गोष्ट गोमंतकीयांच्या पथ्यावर पडते. शुक्रवारी मुंबईहून गोव्याकडे आणि रविवारी गोव्याहून मुंबईकडे पर्यटकांचा लोंढा वाहतो. आपण नेमके उलट दिशेने निघालेले असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडल्यास तिकीट मिळण्याची शक्यता त्यामुळे तुलनेने अधिक असते. दाबोळी व मोपा या दोन्ही विमानतळांहून मुंबईसाठी उड्डाणे आहेत. हवेतला वेळ सव्वा तासाच्या आतबाहेर असला, तरी दोन्हीकडचा रस्त्यावरचा वेळ हिशेबात धरावा.

मुक्काम

दोन दिवसांच्या सहलीत मुक्कामाची जागा चुकली तर अर्धा दिवस वाहनात जातो. उपनगरातील स्वस्त खोलीपेक्षा फोर्ट, कुलाबा, चर्चगेट वा गिरगाव येथील साधी खोली अंतिमतः परवडते. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या दैनिक भाड्यावर सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, त्यावरील भाड्यास १८ टक्के.

पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्यांची मुख्य अडचण अशी, की बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारा वा दोन वाजता मिळते. आरक्षण करतानाच लवकर प्रवेशाविषयी विचारून ठेवावे. अन्यथा स्थानकावरील सामानघरात सामान ठेवता येते. मात्र सामानास कुलूप असणे आवश्यक असते. निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशांना स्थानकावरील विश्रांतिकक्षही आरक्षित करता येतो. दोघांचीही मूळ छायाचित्र-ओळखपत्रे जवळ असावीत. लग्नानंतर आडनाव न बदललेल्या स्त्रियांना काही ठिकाणी नाहक प्रश्न विचारले जातात. विवाहाचा दाखला मागण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही, परंतु प्रवेशाचे नियम प्रत्येक लॉज आपापले ठरवते. म्हणून दूरध्वनीवर आधीच विचारून घेतल्यास दारात वाद घालण्याची वेळ येत नाही.

शहरातील प्रवास

आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाली आणि पाहुण्यांचे काम फार सोपे झाले. विमानतळ, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक व चर्चगेट ही सारी स्थानके याच एका मार्गावर आहेत. तिकीट १० ते ७० रुपये. लोकलने जायचे असल्यास रविवारचा ‘मेगाब्लॉक’ कोणत्या मार्गावर आहे, ते शनिवारीच पाहून ठेवावे. मुंबई शहरात रिक्षा नाहीत; त्या वांद्रे आणि शीव यांच्यापलीकडे धावतात. अलीकडे काळी-पिवळी टॅक्सीच शोधावी लागते.

शनिवार : घारापुरी, संग्रहालय, समुद्र

पहिला दिवस गेटवे ऑफ इंडियापासून सुरू करावा. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने रचलेली ही कमान १९२४ साली पूर्ण झाली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये अखेरची ब्रिटिश तुकडी याच कमानीखालून गेली. येथूनच सकाळी नऊच्या सुमारापासून घारापुरीच्या बोटी सुटतात. प्रवास सुमारे तासाभराचा. लेणी सोमवारी बंद असतात. बोटीत जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे व अंगावर चढवावे. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर झालेल्या भीषण अपघातानंतर याबाबत संकोच बाळगण्याचे काहीही कारण उरलेले नाही.

सहाव्या शतकातील ही शैव लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. साडेपाच मीटरच्या आसपास उंची असलेली त्रिमुख सदाशिवाची मूर्ती सर्वज्ञात आहे. परंतु दोघांनी मिळून पाहावीत अशी आणखी तीन शिल्पे येथे आहेत. एक, शिव आणि पार्वती एकाच देहात सामावलेला अर्धनारीश्वर. दुसरे, कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावा. त्यातील वधूची नम्र, किंचित संकोचलेली आकृती भग्नावस्थेतही स्पष्ट जाणवते. तिसरे, कैलासावर सारीपाट खेळताना रुसून बसलेली पार्वती. विवाह आणि रुसवा यांना एकाच लेण्यात जागा देणाऱ्या शिल्पकारास संसार ठाऊक असला पाहिजे.

या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी येथील दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात आहे. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ पडेल.

दुपारी परतल्यावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. ते १९२२ साली जनतेस खुले झाले. ही वास्तूही विटेटचीच. सारी दालने पाहण्याचा हट्ट न धरता लघुचित्रे आणि शिल्पे एवढेच निवडावे. जवळच १९५२ पासूनचे जहांगीर कलादालन आहे. सायंकाळी साडेपाचपर्यंत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जागा धरावी. या रस्त्यालगतच्या आर्ट डेको इमारती आणि ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील गॉथिक वास्तू यांना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

रात्र नाटकासाठी ठेवावी. मुंबईची मराठी रंगभूमी शनिवार-रविवारीच बहरते. दादरचे शिवाजी मंदिर, गिरगावचे साहित्य संघ मंदिर, माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर येथील प्रयोगांच्या जाहिराती वृत्तपत्रांत व संकेतस्थळांवर आठवडाभर आधी येतात. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आणणारी संस्था ‘धी गोवा हिंदु असोसिएशन’ होती, आणि कोकणीतील पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच रंगले, हे गोमंतकीय प्रेक्षकाने तेथे बसताना आठवावे.

रविवार : फोर्ट, भायखळा, गिरगाव

रविवारी सकाळी फोर्ट विभाग जवळजवळ निर्मनुष्य असतो. एरवी गर्दीत मान वर करता येत नाही. या सकाळी रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून इमारतींचे माथे न्याहाळता येतात. फ्रेडरिक स्टीव्हन्सचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८३३ साली पूर्ण झालेले टाउन हॉल म्हणजे आजचे एशियाटिक ग्रंथालय, राजाबाई टॉवर हा फेरा दीड तासाचा. टाउन हॉलमागे बॉम्बे कॅसलची जागा आहे. सोळाव्या शतकात तेथे गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याचा वाडा होता. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. पणजीतील उद्यानाला त्याचेच नाव आहे. पुढे १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण दिली, आणि दोन शहरांचे मार्ग वेगळे झाले.

तेथून भायखळा. जिजामाता उद्यानालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतील सर्वांत जुने. ते १८७२ साली सुरू झाले. भाऊ दाजी हे मूळचे पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे. वैद्यक, पुरातत्त्व आणि समाजसुधारणा या तिन्ही क्षेत्रांत कीर्ती मिळविलेल्या या गोमंतकीयाचे नाव १९७५ मध्ये संग्रहालयास देण्यात आले. घारापुरीचा दगडी हत्ती येथेच उभा आहे. संग्रहालय बुधवारी बंद असते.

दुपारी गिरगाव. धोबीतलावाच्या परिसरात गोमंतकीय गावांच्या ‘कुडी’ आहेत. बोटीवर नोकरीस निघालेल्या किंवा काम शोधणाऱ्या गावकऱ्यांना अल्प भाड्यात निवारा देणाऱ्या या संस्थांत असंख्य गोमंतकीयांनी आयुष्यातील पहिली मुंबई पाहिली. पुढे खोताची वाडी लागते. लाकडी सज्जे आणि बाहेरच्या जिन्यांची ही वस्ती फोंताइन्हासची आठवण करून देते. परंतु एकेकाळच्या सुमारे ६५ घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत. ही राहती घरे आहेत. आवाज बेताचा ठेवावा आणि परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांनी फोंताइन्हासच्या रहिवाशांना दिलेला त्रास आपण जाणतो. तो दुसऱ्यांस देऊ नये.

दिवसाचा शेवट वाळकेश्वरच्या बाणगंगेवर करावा. या तलावाच्या पायऱ्यांभोवती गौड सारस्वतांची देवळे व मठ आहेत. उंच इमारतींच्या वेढ्यात संध्याकाळी दिवे लागले की येथे एखाद्या मंगेशीच्या तळीवर बसल्याचा भास होतो.

हिवाळी चव

इराणी उपाहारगृहांतील ब्रून-मस्का आणि चहा बारमाही आहेच. धोबीतलावचे कयानी १९०४ पासूनचे आहे. हिवाळ्याचे विशेष म्हणजे गुजराती खाणावळींतील उंधियू, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी आणि संक्रांतीच्या आगेमागे गुळाची पोळी. मासळी मात्र घरी परतल्यावर खावी.

खबरदारी

हिवाळ्यात मुंबईची हवा बरीच दूषित असते. दमा वा हृदयविकार असलेल्यांनी हवेचा निर्देशांक पाहून बाहेर पडावे व मुखपट्टी वापरावी. बोटीत आणि समुद्रकाठी पातळ शाल पुरते. रोहित पक्षी पाहायचे असल्यास ठाणे खाडीतील नौकाफेरी ऐरोलीहून सुटते, परंतु ती भरती-ओहोटीवर अवलंबून असते. तिच्यासाठी वरीलपैकी एक सकाळ सोडावी लागेल.

आणि सर्वांत महत्त्वाची खबरदारी यादीच्या लांबीची. प्रस्तुत लेखकाने पहिल्या अशा सहलीत दोन दिवसांत अकरा स्थळे आखली होती. सातव्या स्थळाशी पत्नीचे पाय सुजले, नवव्याशी संभाषण संपले, आणि परतीच्या गाडीत दोघे दोन खिडक्यांतून बाहेर पाहत होतो. स्थळे सारी पाहून झाली होती. ज्यासाठी घराबाहेर पडलो ते तेवढे राहिले होते. वरील आराखड्यातूनही दोन-तीन ठिकाणे निःसंकोच गाळावीत. एखादी संपूर्ण दुपार खोलीत झोपून वा कठड्यावर गप्पा मारण्यात गेली, तरी ती वाया गेली असे समजू नये. लेणी पंधराशे वर्षे थांबली आहेत, पुढच्या हिवाळ्यापर्यंत आणखी थांबतील.