एक विमान, अनेक देश : ड्रीमलायनरचे भाग येतात कुठून?

मंडळी, रास अल खोरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली आणि मेकॅनिक "पार्ट मागवावा लागेल" म्हणाला, की गाडी तिथेच अडकून पडते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. तिथल्याच खाडीकाठी फ्लेमिंगो बघताना डोक्यावर जी विमाने दिसतात, त्यांचीही गोष्ट वेगळी नाही. उदाहरण म्हणून बोईंग ७८७ ड्रीमलायनर घेऊ. एका विमानात सुमारे २३ लाख भाग असतात.

कुठला भाग कुठून?

• जपान (नागोया) : पंख
• इटली (ग्रोटाग्लिए) : धडाचे मधले भाग
• अमेरिका (विचिटा) : पुढचा, नाकाकडचा भाग
• ऑस्ट्रेलिया (मेलबर्न) : पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग
• फ्रान्स : प्रवाशांचे दरवाजे
• स्वीडन : सामानाचे दरवाजे
• इंग्लंड (डर्बी) : रोल्स-रॉईस इंजिने, काही विमानांना अमेरिकेतील जीईची
• यूएई (अल ऐन) : काही विमानांची उभी शेपटी, स्ट्राटा कंपनीकडून
• भारत (नागपूर) : मिहानमधील टाटांच्या कारखान्यातून केबिनच्या जमिनीखालच्या तुळया

पंख आणि धडासारखे अवजड भाग 'ड्रीमलिफ्टर' नावाच्या चार खास रुंद केलेल्या ७४७ विमानांतून नेले जातात. जुळणी २०२१ पासून फक्त अमेरिकेत नॉर्थ चार्ल्स्टनला होते.

बोल्टसाठी अडलेले विमान

८ जुलै २००७ रोजी पहिले ७८७ थाटात लोकांसमोर आणले गेले. पण आत अनेक ठिकाणी तात्पुरते बोल्ट होते! २००१ नंतरच्या मंदीत बोल्ट बनवणाऱ्यांनी कामगार कमी केले होते, त्यामुळे मागणी वाढल्यावर माल वेळेत मिळेना. शिवाय बोईंगने विमानाचे मोठमोठे भाग संपूर्णपणे बाहेरच्या कंपन्यांवर सोपवले होते. त्यातले काही अर्धवट अवस्थेत आले आणि उरलेले काम बोईंगच्या कामगारांवर पडले. पुढे इतरही अडचणी आल्या. मे २००८ मध्ये द्यायचे विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला सप्टेंबर २०११ मध्ये मिळाले. दरम्यान २००९ मध्ये बोईंगने धडाचा मागचा भाग बनवणारा चार्ल्स्टनचा कारखानाच विकत घेतला.

काम वाटून दिले तरी जबाबदारी वाटता येत नाही, हा धडा बोईंगला चांगलाच महागात पडला.

पुढच्या वेळी ७८७ मध्ये बसाल तेव्हा मुलांना जरूर सांगा : आपल्या पायाखालच्या तुळया कदाचित नागपूरच्या असतील!