अलिबाग ते रेवदंडा, सन १७२८

मार्गशीर्षातली पहाट. मतलई वारा पाठीमागच्या डोंगरांवरून उतरतो आहे आणि तुम्ही अलिबागच्या वाळूत अनवाणी उभे आहात. ओहोटी लागली आहे. कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत पायवाट उघडी पडली आहे. किल्ल्यात गणपतीचं देऊळ शोधू नका, ते १७५९ साली होईल. किनाऱ्यावर सुरूचं बनही नाही, ते फार पुढे कुणीतरी लावील. आज इथे काळा दगड, खारं पाणी आणि मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचा अंमल आहे.

वाळूवर ओढून घेतलेल्या एका गलबताभोवती सुतार बसले आहेत. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकायची, वर तापलेली राळ ओतायची, आंगठ्याने दाबून बघायची. त्या वासाने नाक भरून जातं. पलीकडे गुराब नांगरून पडल्या आहेत, तोफा नाळेकडे रोखून. सात वर्षांपूर्वी, १७२१ मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन हाच कुलाबा घ्यायला आले होते. बाजीरावांची फौज आरमाराच्या मदतीला पोचली, पोर्तुगीजांनी तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. सुताराला त्याबद्दल विचाराल तर तो फक्त किल्ल्याच्या तटाकडे हनुवटी उडवील.

आता दक्षिणेकडे चालू लागा. रेवदंडा चार-साडेचार कोस आहे. उन्हं वर यायच्या आत ओल्या वाळूवरून जितकं अंतर तोडाल तितकं बरं, कारण कोरडी वाळू पोटऱ्या भरून आणते. उजवीकडून एक शिबाड किनाऱ्याला लागतं. तांडेल उतरतो आणि कापडात गुंडाळलेला कागद कारकुनापुढे धरतो. हे सरखेलांचं दस्तक. ते असेल तर माल सुखरूप, नसेल तर तारू जप्त. इंग्रज याला चाचेगिरी म्हणतात. पण पोर्तुगीज दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देऊन अगदी हेच करत आले आहेत. समुद्रावर जकात घेण्याचा हक्क फक्त गोऱ्यांचा, असं कुणी ठरवलं? कान्होजींनी हा सवाल कागदाने आणि तोफेने, दोन्हींनी विचारला.

खाडी होडीने ओलांडली की आक्षी. बांबूंवर बोंबील वाळत टांगलेत, कोळणी सुकट पसरताहेत. गावच्या वाटेवर मात्र थांबा. तिथे एक दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारं चित्र, मधे अक्षरांच्या ओळी. बोट न लावता, नुसत्या नजरेने ओळी धरा. कोरणाऱ्याचा हात सराईत नाही, अक्षरं लहानमोठी झाली आहेत. पण भाषा तुमचीच, मराठी. अभ्यासक त्यावरचा शक ९३४ वाचतात, म्हणजे इसवी सन १०१२. देवीच्या बोडणासाठी धान्य नेमून दिल्याची ही नोंद आहे आणि त्यात शिलाहार राजाचं बिरुद आहे ‘पश्चिमसमुद्राधिपती’. कान्होजींच्या सातशे वर्षं आधी शिलाहारांनीही हाच समुद्र आपला म्हटला होता!

नागावात ऊन उतरतं. वाडीत शिरा. पोफळींच्या सावलीत रहाटाची कुरकुर चालू आहे, पाटाचं पाणी आळ्याआळ्यांतून फिरतं आहे. कुणीतरी शहाळं सोलून देईल, जेवणाच्या पानात मिरची वाढील. ही मिरची पोर्तुगीजांच्याच गलबतांतून या देशात आली आणि आता आगरात अशी रुजली आहे की तिला परकी म्हणवत नाही.

पुढे चौल. रामेश्वराला हात जोडा आणि पायाखालच्या मातीचं वय आठवा. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे आला, त्याने गावाला ‘सैमूर’ म्हटलं. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन घोडा विकायच्या आशेने इथेच उतरला. १५०८ मध्ये इथल्याच पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. जगाच्या व्यापाराचा एवढा पसारा या गावाने पाहिला आहे, म्हणून कोकणाला आडबाजूचा मुलूख म्हणणाऱ्याला एकदा इथे आणून चालवलं पाहिजे.

दिवस कलताना रेवदंड्याची तटबंदी दिसते. दरवाज्यावर पोर्तुगीज पहारा, आत चर्चच्या घंटा आणि सगळ्यांवर डोकं काढून उभा सातखणी मनोरा. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर, त्यावरही त्यांचाच झेंडा. पहारेकऱ्याला वाटतं, हे असंच चालणार. तुम्हाला ठाऊक आहे, बारा वर्षांनी, १७४० मध्ये, हे ठाणं मराठ्यांकडे जाईल. आणि १८४० मध्ये आंग्र्यांचं संस्थानही इंग्रज खालसा करतील.

शिलाहार, आंग्रे आणि पोर्तुगीज, समुद्राचे तीन धनी तुम्ही एका दिवसात पायी ओलांडलेत आणि तिघांचीही सत्ता संपली. टिकलं ते वेगळंच. आक्षीचं बंदर अजून मासळीने जागं होतं, नागावच्या वाड्या अजून शिंपल्या जातात आणि कोर्लईत आजही काही घरांतून पोर्तुगीज-मराठी मिसळलेली बोली ऐकू येते. सत्तेपेक्षा पोट, शेजार आणि बोली यांना आयुष्य जास्त असतं, ही या किनाऱ्याची शिकवण आहे. मोटारीने हे अंतर अर्ध्या-पाऊण तासात संपतं आणि त्यात काहीच कळत नाही. एकदा तरी पायी चला आणि आक्षीच्या दगडाशी पुरेसा वेळ द्या. तो आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. त्याला जपणं हे आपलंच काम आहे.