'समाजस्वास्थ्य' मासिकातील प्रश्नोत्तरे : आरोग्यविषयक शंका आणि तज्ज्ञत्वाचा प्रश्न (१९२७-१९५३)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आरोग्याचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः रुग्णालये, साथीचे रोग, लसीकरण आणि सरकारी कायदे यांकडे वेधले जाते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु सामान्य माणसाचा आरोग्याशी येणारा संबंध केवळ रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. खाणेपिणे, झोप, व्यायाम, मासिक पाळी, गर्भधारणा, वैवाहिक जीवन यांविषयी त्याच्या मनात रोज काही शंका उत्पन्न होत असतात. त्या कोणास विचाराव्यात आणि उत्तर देणाऱ्याचे म्हणणे कशाच्या आधारे खरे मानावे, हा प्रश्न प्रत्येक काळात समाजासमोर उभा राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकाच्या आधारे केला आहे. या मासिकात वाचकांच्या आरोग्यविषयक, विशेषतः कामजीवनविषयक प्रश्नांना जाहीर उत्तरे दिली जात. १९३४ साली अशाच उत्तरांवरून संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यास दंड झाला. एखाद्या शंकेचे उत्तर देणे हा गुन्हा केव्हा व का ठरतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या स्थापनेने सुरू झाले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी संपादन केली. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. मात्र आनंदीबाईंचे पुढील वर्षीच निधन झाले. स्त्रीने आपल्या शरीराविषयीची शंका स्त्री डॉक्टरकडे मोकळेपणाने मांडावी, ही शक्यता दृष्टिपथात आली असली तरी ती मोजक्या शहरांपुरती मर्यादित राहिली.

१८९६ मध्ये मुंबईत व पुढे पुण्यात प्लेगची साथ आली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. घरोघर तपासणी, रुग्णांना सक्तीने हलविणे, सामान बाहेर काढणे या उपायांनी लोकांच्या मनात दहशत व संताप निर्माण झाला. पुण्यात जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेला प्राणघातक हल्ला ही त्या संतापाची टोकाची परिणती होती. येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक ठरते. सर्वसामान्य माणसाला आधुनिक वैद्यकाची जी पहिली मोठी ओळख झाली, ती न मागितलेल्या व सक्तीने लादलेल्या उपायांच्या रूपाने. त्याने स्वतःहून विचारलेल्या प्रश्नाला तज्ज्ञाने उत्तर देणे, हा व्यवहार यापेक्षा मूलतः भिन्न होता.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत आरोग्याविषयी लोकजागृती करणारे अनेक प्रयत्न मराठी मुलखात सुरू झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना करून योगाभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा उपक्रम हाती घेतला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला. आहार, श्वसन व व्यायाम यांविषयी चारचौघांत बोलता येत होते. मात्र कामजीवन, गर्भनिरोध आणि गुप्तरोग यांविषयी बोलण्याची सोय कोठेही नव्हती.

न विचारता येणारे प्रश्न

पारंपरिक कुटुंबात आरोग्यविषयक सल्ल्याची एक व्यवस्था होतीच. आजीबाईचा बटवा, गावचा वैद्य, सुईण आणि शेजारची अनुभवी बाई यांच्याकडून नित्याच्या दुखण्यांवर उपाय मिळत. ही व्यवस्था निरुपयोगी होती असे म्हणता येणार नाही. तथापि तिचा पाया ओळखीवर व नात्यावर उभा होता. वैद्य घरच्या वडीलधाऱ्यांना ओळखत असे. सुईणीला घरातील सर्व नातीगोती ठाऊक असत. त्यामुळे ज्या प्रश्नात लाज, भीती किंवा पापभावना गुंतलेली असे, तो प्रश्न त्यांच्यापुढे नेणे कठीण होते. विवाहापूर्वी हस्तमैथुनाच्या भीतीने ग्रासलेला तरुण, लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली स्त्री किंवा गुप्तरोगाची शंका आलेला गृहस्थ यांना घरात तोंड उघडण्याची सोय नव्हती.

ही पोकळी भरून काढली ती जाहिरातींनी. वीर्यनाश म्हणजे शरीरबलाचा नाश, या समजुतीवर शक्तिवर्धक गोळ्या व 'धातुपौष्टिक' औषधे यांचा मोठा व्यापार उभा राहिला. ही समजूत केवळ भारतीय नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील वैद्य तिसो यांच्या १७६० मधील फ्रेंच ग्रंथाने हस्तमैथुनापासून गंभीर रोग होतात, हे मत युरोपात दृढ केले होते. भारतात ब्रह्मचर्याच्या आदर्शाची तीस जोड मिळाली. एतद्देशीय परंपरा व आयात झालेले वैद्यकीय भय यांचा हा संगम होता. पुढे १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या चिंतेस 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. वीर्य जाते म्हणून आपण दुर्बल झालो, अशा समजुतीने थकवा व उदासीनता अनुभवणाऱ्या रुग्णांचे ते वर्णन होते. म्हणजेच १९३० च्या दशकात संपादकास पत्र लिहिणाऱ्या तरुणाची भीती ही वैयक्तिक विक्षिप्तता नसून समाजात खोलवर रुजलेली व्यथा होती.

र. धों. कर्वे आणि 'समाजस्वास्थ्य'

र. धों. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते गणिताचे प्राध्यापक होते व गणिताच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी पॅरिस येथे वास्तव्य केले होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडन येथे मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते, हे पाहता कर्वे यांचे कार्य जागतिक चळवळीच्या बरोबरीने चालले होते हे स्पष्ट होते. या प्रचारकार्यामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. पत्नी मालतीबाई यांच्या भक्कम साथीने ते त्यांनी अखेरपर्यंत चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले आणि नोव्हेंबर १९५३ च्या अंकानंतर मासिक थांबले.

येथे तज्ज्ञत्वाचा प्रश्न उपस्थित होतो. कर्वे हे वैद्यकाचे पदवीधर नव्हते. मग वाचकांनी त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पद्धतीत शोधावे लागते. पाश्चात्त्य देशांत प्रसिद्ध होणारे कामशास्त्रविषयक व वैद्यकीय ग्रंथ ते वाचत आणि त्यांतील निष्कर्ष मराठीत आणत. धर्मवचन किंवा रूढी यांना त्यांनी पुरावा मानले नाही. शिवाय उत्तर छापील असल्यामुळे ते वाचकांच्या, डॉक्टरांच्या व विरोधकांच्याही तपासणीस खुले राहत असे. बंद खोलीतील सल्ल्यास ही कसोटी लागू होत नाही. गणिताच्या शिक्षकास सिद्धता मागण्याची व देण्याची जी सवय असते, तीच त्यांनी आरोग्याच्या क्षेत्रात आणली, असे म्हणता येईल.

छापील प्रश्नोत्तराचे आणखी एक वैशिष्ट्य दिसून येते. प्रश्न एकाचा असला तरी उत्तर अनेकांचे होते. जी शंका आपणास एकट्यालाच आहे असे वाटत होते, ती दुसऱ्या कोणीतरी विचारलेली पाहून वाचकाच्या मनावरील ओझे हलके होत असणार. एका अर्थाने उत्तराइतकाच दुसऱ्याचा प्रश्नही उपचाराचे काम करीत होता.

१९३४ चा खटला

कर्वे यांच्यावर पहिला खटला १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखावरून झाला होता व त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ च्या खटल्याचे स्वरूप मात्र वेगळे होते. या वेळी आक्षेप घेतला गेला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या या प्रश्नोत्तरांना अश्लील ठरविण्यात आले.

कर्वे यांच्या बचावासाठी बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांच्या बचावाची प्रमुख भूमिका होती. वाचकाच्या मनात शंका असेल आणि मासिक त्याच विषयास वाहिलेले असेल, तर शास्त्रीय ज्ञानाच्या आधारे उत्तर देणे हे संपादकाचे कर्तव्यच ठरते. अज्ञान दूर होते ते ज्ञानाने, मौनाने नव्हे, असा या भूमिकेचा आशय होता. न्यायालयाने ती स्वीकारली नाही. कर्वे यांना दोषी ठरवून दोनशे रुपये दंड करण्यात आला.

या निकालाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. तत्कालीन अश्लीलतेच्या कसोटीत लेखनाचा हेतू व त्याचे वैज्ञानिक मूल्य यांपेक्षा, ते वाचून एखाद्या व्यक्तीचे मन भ्रष्ट होण्याचा संभव आहे काय, हा विचार प्रधान होता. या कसोटीनुसार डॉक्टरने एका रुग्णास कानात सांगितलेली गोष्ट निर्दोष ठरे, पण तीच गोष्ट शेकडो वाचकांना एकाच वेळी सांगणे दोषास्पद ठरे. म्हणजे छापील उत्तराचे जे सामर्थ्य होते, तेच कायद्याच्या दृष्टीने त्याचा दोष बनले. दुसरीकडे, तरुणांच्या भीतीवर चालणारा औषधांचा बाजार सभ्य भाषेच्या आवरणाखाली खुलेआम चालू होता. या व्यापाराला आळा घालणारा औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये, म्हणजे 'समाजस्वास्थ्य' बंद पडल्यानंतर अस्तित्वात आला. भीती विकणाऱ्यापेक्षा भीती घालविणारा आधी शिक्षेस पात्र ठरला, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय.

मर्यादांचा विचार

'समाजस्वास्थ्य'चे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. पहिली मर्यादा साक्षरतेची. १९३१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते आणि स्त्रियांमध्ये ते फारच अल्प होते. ज्या स्त्रियांना गर्भनिरोधाच्या माहितीची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापैकी बहुसंख्य स्त्रियांपर्यंत मासिकाचा अंक पोहोचणे शक्य नव्हते. दुसरी मर्यादा पत्रव्यवहाराची. पत्रावरून शंकानिरसन होऊ शकते, शरीराची तपासणी होऊ शकत नाही. तिसरी मर्यादा त्या काळच्या विज्ञानाची. छापील उत्तर हे तत्कालीन ज्ञानाइतकेच खरे असू शकते. उदाहरणार्थ, उपदंशावर पेनिसिलीनचा प्रभावी उपचार १९४३ नंतरच उपलब्ध झाला.

यांपैकी पहिल्या मर्यादेवरील उपाय एकट्या संपादकाच्या हाती नव्हता. त्यासाठी शासनाने पुढाकार घेणे आवश्यक होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी डॉ. आंबेडकर यांच्या वतीने संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. परंतु तो फेटाळला गेला. अखेर १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. कर्वे यांच्या हयातीतच त्यांच्या मागणीचा एक भाग अशा रीतीने शासकीय धोरण बनला. तरीही दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. शासनाचा भर प्रामुख्याने लोकसंख्येवर राहिला, तर कर्वे यांचा भर व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, आपल्या शरीरावरील अधिकारावर होता. शासनाने उत्तर दिले. पण प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीची जागा त्यात आकुंचित झाली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. आरोग्यविषयक शंका विचारण्यात केवळ माहितीचा अभाव हाच अडथळा नसतो. लज्जा व ओळख हेही तितकेच मोठे अडथळे असतात. अपरिचित परंतु विश्वासार्ह व्यक्तीस पत्र लिहिण्याची सोय झाल्यामुळे 'समाजस्वास्थ्य'ने हे अडथळे काही अंशी दूर केले.

२. तज्ज्ञत्व हे केवळ पदवीवर अवलंबून नसते. उत्तराचा आधार सांगणे, ते सर्वांच्या तपासणीस खुले ठेवणे आणि त्यातून वैयक्तिक लाभ न साधणे हे त्याचे निकष होत. मात्र जेथे शरीरतपासणीची गरज असते, तेथे पदवीधर वैद्यकास पर्याय नाही.

३. १९३४ च्या खटल्यात एका संपादकाइतकाच सामान्य वाचकाचा प्रश्न विचारण्याचा अधिकारही पणाला लागला होता. उत्तर देणाऱ्यास झालेला दंड ही अप्रत्यक्षपणे प्रश्न विचारणाऱ्यास दिलेली ताकीद होती.

२०२० मध्ये भारतात दूरवैद्यक सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि दूर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरास प्रश्न विचारण्यास औपचारिक मान्यता मिळाली. साधने बदलली असली तरी शक्तिवर्धक औषधांचे दावे व त्यांस बळी पडणारी माणसे नाहीशी झालेली नाहीत. अशा परिस्थितीत, तोट्यात मासिक चालवून व दंड भरूनही वाचकांच्या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे देत राहिलेल्या या प्राध्यापकाचे कार्य मराठी समाजाच्या आरोग्य-इतिहासात अधिक ठळक स्थान मिळण्यास पात्र आहे.