आणि इतर

१९१२ साली भारत सरकारच्या कृषी खात्याने आपल्या रसायनशास्त्रविषयक मालेत एक प्रबंध छापला. विषय होता पश्चिम भारतातली भातशेतीची राब पद्धत. लेखक तीन : हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर. मान हे १९०७ पासून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीवर मोठं काम केलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं.

मी शिकलेला संशोधक नव्हे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळत माझी बरीच वर्षं गेली. इंग्रजी अहवाल वाचायला शिकलो तो शब्दकोश मांडीवर घेऊन, रात्रपाळीत. हा प्रबंध वाचायला घेतला आणि दुसऱ्याच पानावर थांबलो, कारण विषय माझ्या घरचा निघाला. माझे आजोबा कल्याण तालुक्यात भात करायचे आणि दर उन्हाळ्यात राब भाजायचे.

आज डोंबिवलीत राहणाऱ्या वाचकाला राब म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताचं रोप ज्या तुकड्यात उगवायचं, तो तुकडा पावसाआधी भाजून काढायचा. जमिनीवर आधी शेणाचा थर. त्यावर ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ. त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर, म्हणजे जाळ भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. पेटवायचं तेही वाऱ्याच्या उलट दिशेने. जाळ सावकाश सरकला पाहिजे, तरच ऊब जमिनीत उतरते. कवळ माघ-फाल्गुनात तोडायचा, वाळवायचा, डोक्यावरून आणायचा. राब भाजायला राबावं लागतं, असं आजी म्हणायची. भारे वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते.

या पद्धतीवरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठा वाद पेटला. १८७८ चा वन कायदा आला, जंगलं राखीव झाली आणि कवळ तोडणं हा गुन्हा होऊ लागला. वनखात्याच्या मते राब म्हणजे अडाणी शेतकऱ्याने चालवलेला झाडांचा नाश. शेतकरी म्हणत होता, राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर सारा कुठून भरू? तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढे विलायतेहून आलेल्या डॉ. व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली. म्हणजे आमच्या आजीच्या डोक्यावरचा भारा थेट लंडनपर्यंत पोचला होता.

मान आणि त्यांचे सहकारी या भांडणात रसायनशास्त्र घेऊन उतरले. राबाचा गुण राखेत आहे की जमिनीला लागलेल्या उष्णतेत, हा खरा प्रश्न. राखेत असेल तर दुसरं खत देऊन भागेल आणि झाडं वाचतील. उष्णतेत असेल तर शेतकऱ्याचं म्हणणं सहज मोडता येणार नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती तापवली की तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचा तोल बदलतो, अमोनिया वाढतो आणि पीक जोमाने येतं. ज्याला अडाणीपणा म्हटलं गेलं, त्याच्याशी जुळणारी गोष्ट विलायतेतल्या काचेच्या नळ्यांत सापडत होती. हे वाचताना मला झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही.

पण स्टोअरकीपरची खोड जात नाही. कुठलाही कागद पाहिला की माल कुणी आणला, कुणी उतरवला, कुणी मोजला, हेच मी आधी शोधतो. मातीचा प्रयोग म्हणजे आधी माती खणणं, वाहणं, वाळवणं, चाळणं. मग कुंड्या भरणं, एकसारखं पाणी घालणं, रोपं उपटून मुळं धुणं, वजन करणं. एका कुंडीत पाणी जास्त पडलं तर प्राचार्यांचा निष्कर्ष फसतो. हे सगळं तीन माणसांनी केलं नसणार. मूळ ज्ञान तर ठाण्या-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचं, आणि वाऱ्याच्या उलट पेटवायचं हे त्यांनी कुठल्याही कुंडीत शिकलेलं नव्हतं.

मान यांना यात दोष द्यायचा नाही. १९१७ मध्ये त्यांनी पिंपळे सौदागर या गावाचा प्रसिद्ध अभ्यास पुस्तकरूपाने आणला, त्याच्या शीर्षकपानावर आपल्या नावासोबत सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशी सहकाऱ्यांची नावं छापली. गोऱ्या प्राचार्याने एवढं करणं मला मोलाचं वाटतं. पण त्या ओळीच्या शेवटी दोन शब्द आहेत : आणि इतर. ते पान मी अनेकदा उघडून पाहिलं आहे.

या इतरांचा माग काढायचा तर पुण्यापेक्षा कर्जत जवळ. डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडली की भाताच्या संशोधनाचं जुनं ठिकाण गाठता येतं. हे केंद्र १९१९ पासूनचं. १८ मे १९७२ रोजी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे हे केंद्र त्याच्याकडे आलं. तैवानचं तायचुंग नेटिव्ह १ आणि आपल्याकडचा कोळंबा ५४० यांच्या संकरातून कर्जत १८४ झालं. सह्याद्री हा संकरित भात इथूनच १९९८ मध्ये आला. मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘कर्जत’ हे गावाइतकंच बियाण्याचंही नाव आहे.

भाताचा संकर कसा करतात ते बघण्यासारखं असतं. भाताचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे फूल उमलण्याआधी त्याचं टोक कात्रीने छाटून आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. एक जरी राहिला तरी काम वाया. मग लोंबीवर कागदी पिशवी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान दुसऱ्या वाणाची लोंबी वर धरून झटकायची. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण पावसात शाई उतरते. संकरित बियाण्याच्या शेतात फुलोऱ्यावर दोन बाजूंनी दोरी धरून पिकावरून ओढतात, पराग उडावा म्हणून. चिखल, डोक्यावर ऊन आणि हातात दोरी. शेवटी भेसळ काढणं : रांगेतून चालत जायचं आणि उंची, पान, दाण्याचा रंग यांत जे रोप वेगळं दिसेल ते उपटायचं. या नजरेवर सगळ्या बियाण्याची शुद्धता उभी असते.

भाताच्या प्रयोगशेतावर वर्षानुवर्षं रोजंदारीवर गेलेल्या एका म्हाताऱ्या बाई मला एका पाड्यावर भेटल्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो, समोर एका शेतकऱ्याचं भात निसवलं होतं. बोलता बोलता त्यांनी बसल्या जागेवरून हात केला, “ते तीन बाहेरचे हायेत.” मला काहीच दिसलं नाही. बांधावर जाऊन, लोंब्या हातात घेऊन पाहिलं तेव्हा फरक कळला. पानं जरा रुंद, दाण्याला बारीक कुसळ.

त्यांच्या डोळ्यांनी पारखलेलं बी कुठे कुठे गेलं असेल, याचा हिशोब मी मनात मांडत होतो. मी म्हणालो, “आजी, मी भातावर लेख लिहितोय. तुमचं नाव घालतो.”

“मना एकलीला कशाला लिवतस? आमी सगल्या जनी व्हतो.”

मग त्यांनी बोटं मोडत नावं सांगायला सुरुवात केली, लावणीला उभ्या राहायच्या त्या क्रमाने. बांधाकडून पहिली, तिच्या शेजारची, तिची जाऊ. मी वहीत लिहीत गेलो. अकरा झाली. दोघींची नावं त्यांना आठवेनात, फक्त माहेरची गावं आठवली, ती लिहिली. परत निघालो तर त्या कुंपणापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, अजून एक होती, डाव्या हाताने लावणारी, तिचंही घे.