सही तुमचीच ना?

चेक न वटल्याच्या खटल्यात आरोपीला विचारतात, सही तुमचीच ना? तो 'हो' म्हणाला की पारडे तिथेच कलते. एरवी फौजदारी खटल्यात शाबितीचा भार फिर्यादीवर असतो, आरोपी गप्प बसला तरी चालते. इथे गप्प बसणे बहुधा महागात पडते.

याचे मूळ १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आहे. वचनचिठ्ठी किंवा चेक मोबदल्यापोटीच दिला गेला, असे उलट शाबीत होईपर्यंत धरून चालावे, असे त्यातले कलम ११८ सांगते. हा कागद हातोहात फिरणारा. घेणाऱ्याने दर वेळी मागचा व्यवहार उकरायचा म्हटले तर बाजार कसा चालेल? पण तेव्हा या कायद्याखाली हरणाऱ्याचे पैसे जात, तुरुंग नव्हता.

तो आला १ एप्रिल १९८९ला. आदल्या वर्षीच्या दुरुस्तीने चेक न वटणे हा गुन्हा ठरवला, एक वर्षापर्यंत कैदेचा. २००२च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोन वर्षांवर गेली. १९८९लाच सोबत कलम १३९ आले होते: चेक देणे फेडण्यासाठीच मिळाला, असे गृहीत धरावे. मग मुळात देणे होते, हेही गृहीत धरायचे का? २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 'नाही' म्हटले, २०१०मध्ये तिघांनी 'हो'. तो खटला कर्नाटकातला, ४५,००० रुपयांचा. चेक हरवला होता, हा आरोपीचा बचाव टिकला नाही. नोटिशीला त्याने उत्तरही दिले नव्हते. मात्र त्याच निकालाने आरोपीचा भार हलका असल्याचेही सांगितले. त्याने शंकेला जागा न ठेवता काही शाबीत करायचे नाही. आपले म्हणणे संभाव्य आहे एवढे दाखवायचे, तेही फिर्यादीच्याच पुराव्यातून चालते.

मला खटकतो तो कोरा चेक. हातउसने देणारा तो सही करून घेतो आणि कपाटात ठेवतो. हा कागद बाजारात फिरणार नसतोच, तरी फिरत्या कागदासाठी केलेले गृहीतक त्यालाही लागू. स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक घेणाऱ्याने भरला तरी गृहीतक टिकते, असे २०१९च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दोनच महिन्यांनी त्याच न्यायालयाने सहा लाखांच्या चेकच्या खटल्यात आरोपीला सोडले. सही त्याचीच होती. पण सहा लाख उसने देण्याची तुमची ऐपत होती का, या प्रश्नाला फिर्यादीकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते.