मगधाची शेतं, नाशिकची लेणी आणि आजीचं लुगडं

मे महिन्यातला शनिवार. नाशिकच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढलेली, आणि तिच्या दोन बाजूंना आई आणि आत्या. मधे आजीची तीन नऊवारी लुगडी. आजी जाऊन अकरा वर्षं झाली.

"वन्सं, सासूबाईंची एवढीच उरलीत. ही कापायची नाहीत."

"मग काय पुजायचीत का वहिनी? जुनेराला ट्रंकेत ठेवून कसर लागते."

कारण असं की डिसेंबरात आमच्याकडे बाळ येणार होतं, आणि घरात मऊ जुनेराची गोधडी नसताना थंडीत बाळ आणायचं हे आत्याच्या हिशेबात बसत नव्हतं. "दुकानात हल्ली छान ब्लँकेटं मिळतात" हे वाक्य मी उच्चारलं आणि दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू.. घरात वाद तापला की पुरुषमंडळींना बाहेरची कामं आठवतात. मी बाईक काढली आणि पांडवलेण्यांवर जाऊन बसलो.

नाशिकच्या माणसाने पांडवलेणी बघणं म्हणजे शाळेच्या सहलीचा वन टाइम टास्क. पण यावेळी मी दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांसमोर जरा रेंगाळलो. घरी येऊन त्या लेखाचं भाषांतर शोधून वाचलं, आणि चक्क कापडाचा हिशेब निघाला!

लेख उषवदाताचा. हा क्षहरात राजा नहपान याचा जावई. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. कुठे? बँका नव्हत्या, म्हणून गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे. (गोवर्धन आजही आहे, गंगापूर रोडने गेलात की लागतं.) एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर वर्षाचं व्याज झालं २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब शून्यावर बंद. वर्ष ४२, महिना वैशाख, हेही कोरून ठेवलंय. आमच्या ट्रंकेभोवतीचं भांडणही वैशाखातलंच, हे तेव्हा लक्षात आलं आणि हसू आलं.

पण मग प्रश्न पडला. पावसाळा आणि कापड यांचा संबंध काय? तो शोधता शोधता मी विनयपिटकातल्या महावग्गापर्यंत पोचलो. भिक्षूंनी कसं राहायचं, काय नेसायचं याचे नियम त्यात आहेत, आणि प्रत्येक नियमामागे तो का झाला त्याची गोष्ट. आपल्या भाषेत, प्रत्येक फीचरमागचा मूळ बग.

पावसाचे तीन महिने भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं. तो वर्षावास. तो संपला की आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा महिना नवी चीवरं करण्याचा. त्या विधीचं नाव कठिन. शिवताना कापड ज्या चौकटीवर ताणून बसवायचे, त्या चौकटीचंही नाव कठिन. दान मिळालेलं कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पूर्ण करायचं, सगळ्यांनी मिळून. पाऊस सरला आणि थंडी यायची आहे, त्या फटीत बसवलेलं हे शिवणकाम.

आता डिझाइन. बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले होते. वाटेत मगधाची शेतं लागली. चौकोनी वाफे, लांब बांध, आडवे छोटे बांध, बांध एकमेकांना मिळतात तिथे चौक. त्यांनी आनंदाला विचारलं, अशी चीवरं भिक्षूंसाठी करता येतील का? आनंद म्हणाला, येतील. तुकडे जोडून त्याने चीवरं करून दाखवली, त्यातल्या भागांना कुसि, अड्ढकुसि, मंडल अशी नावं आली आणि बुद्धांनी आनंदाच्या हुशारीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढे हा धर्म जिथे जिथे गेला, तिथे हे शेतही वस्त्रावरून गेलं. जपानमध्ये भिक्षूच्या ठिगळांच्या वस्त्राला 'केसा' म्हणतात. त्याचं एक नाव आहे 'पुण्याच्या शेताचं वस्त्र'.

आणि लगेच पुढची गोष्ट थरांची. नंतरच्या प्रवासात, वैशालीच्या वाटेवर. बुद्धांनी पाहिलं की भिक्षू डोक्यावर, खांद्यावर, कमरेला कापडांच्या गठड्या लादून चाललेत. किती कापड पुरे, हे कसं ठरवायचं? ऐन कडाक्याच्या थंडीची रात्र, आणि ते उघड्यावर एकच चीवर घेऊन बसले. पहिला प्रहर सरला तेव्हा थंडी वाजली, दुसरं घेतलं. मधला प्रहर सरला, तिसरं. पहाट व्हायला आली, चौथं. मग थंडी वाजली नाही. नियम ठरला: तीन वस्त्रं, त्यातलं वरचं, म्हणजे संघाटी, दुहेरी. एकूण चार थर. याला आम्ही ऑफिसात लोड टेस्टिंग म्हणतो आणि एसीत बसून करतो.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. बाबा कढी ओरपत म्हणाले, "चांगलंय." आत्याला शेतांची गोष्ट आवडली. मग मी सहज, बांधांच्या गोष्टीतला राहिलेला तपशील म्हणून सांगितलं की कापलेल्या कापडाचा एक फायदा ग्रंथात दिलाय. तुकडे केलेल्या वस्त्रावर कुणाचा डोळा राहत नाही.

आई भाकरी मोडता मोडता थांबली. "म्हणजे एकदा कापलं की कुणी नेत नाही?"

"हो, तसंच."

ती काही बोलली नाही. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाकीची सहा मीच दिली होती बोहारणीला. सासूबाई गेल्याच्या वर्षी. एक पातेलं आणि दोन डबे घेतले."

ते पातेलं आमच्या घरात रोज दुधाला वापरतात. मी अकरा वर्षं त्यातलं दूध पितोय, आणि मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी कात्री आईनेच आणली.

इथून पुढचं काम आत्याचं. नऊ वार म्हणजे २७ फूट. चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट. एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचे चार थर बरोब्बर बसतात! "चारच का?" मी विचारलं. "पावसाळ्यात दोन पुरतात. मार्गशीर्षात चार लागतात. अजून घातले तर वाळत नाही, मग वास मारते." आत्याने महावग्ग वाचलेला नाही.

वरच्या ठिगळांसाठी उरलेली दोन लुगडी. मी म्हटलं, मगधाच्या शेतासारखं लावू. आत्या म्हणाली, मगधाचं कशाला, आपलं लावते. दिंडोरीकडचं आमचं शेत विकून पंचवीस वर्षं झाली. मला त्यातली फक्त विहीर आठवते. आत्याने ते जमिनीवर मांडलं. आणि तेही मार्गशीर्षातलं, कारण बाळ तेव्हाचं. हिरव्या लुगड्याचा मोठा तुकडा गव्हाचा. जांभळट ठिगळ हरभऱ्याचं, फुलावर आलेल्या. कडेला पदराच्या पिवळ्या पट्ट्या, ती तूर. लुगड्याचे काठ झाले बांध. मधोमध गोल निळं ठिगळ, विहीर. "आणि हा तुझ्या आजीचा कांदा," म्हणून तिने एक चौकोन ठेवला आणि नाक पुसलं.

मग धावदोरा. काठापासून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत. नांगराची तासं जशी बांधापासून आत येतात तशी. माझा पहिला टाका अर्ध्या इंचाचा पडला. आत्याने उसवायला लावला. "बाळाचं बोट अडकेल." याहून स्पष्ट कोड रिव्ह्यू माझा आजवर झालेला नाही. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, मोतीबिंदू आहे. दोरा आईने ओवायचा, टाके तिने घालायचे. पावसाळाभर मी शनिवार-रविवार पुण्याहून येत राहिलो आणि दर वेळी शेत थोडं जास्त शिवलेलं असायचं.

आपण म्हणतो की गोधडी शिवणारे हात उरले नाहीत. मला ते अर्धंच खरं वाटतं. हात अजून आहेत, जुनेर संपलंय. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे शंभरेक वर्षं गिरण्या आणि माग यांचं सुती कापड घराघरात अंगावर झिजत होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला सुताच्या बरोबरीने मोकळीक दिली. पॉलिएस्टरची साडी स्वस्त, टिकाऊ, इस्त्री नको. रोज राबणाऱ्या बाईला तिने खरोखर सुख दिलं, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण ती झिजत नाही. शंभरदा धुतली तरी मऊ पडत नाही, घाम टिपत नाही, सुईखाली निसटते. अंगावर वीस वर्षं झिजलेलं सूतच गोधडीत चालतं. ते बाजारात तयार मिळत नाही, कुणीतरी ते आधी नेसलेलं असावं लागतं.

नवरात्राच्या आधी गोधडी पूर्ण झाली. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतात, त्यात तीही धुतली. शेवटचा टाका विहिरीजवळ होता. तो बंद करण्याआधी आत्याने आईकडून ज्वारीचे चार दाणे मागून घेतले आणि आत सारले. "पोट भरलेलं असावं तिचं. मग ती दुसऱ्याला ऊब देते."

मुलगी झाली. तीन आठवड्यांची आहे. निफाडचा पारा रोज पेपरात येतोय आणि आमच्याकडेही पहाटे बोटं गारठतात. काल रात्री अडीच वाजता ती रडत होती म्हणून गोधडीत घेऊन फेऱ्या मारत होतो. झोपली तेव्हा तिची मूठ बरोबर कांद्याच्या वाफ्यावर होती. आईला दाखवलं. ती म्हणाली, "हळू बोल," आणि दूध तापवायला त्याच पातेल्याकडे गेली.